अमेरिकेत चरायला सोडलेल्या मेंढ्या

सोलापूरचा उन्हाळा वेळ बघून येत नाही. मार्च अर्धा सरायच्या आतच तो येऊन बसतो आणि मग जूनपर्यंत हलायचं नाव घेत नाही. यंदाही आला. कूलरचा वाळा बदलून झाला, माठ आणून झाला, हॉस्पिटलातल्या माझ्या खोलीत पंखा कोमट वारा ढकलू लागला. मी फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांचे आखडलेले खांदे सोडवते. एका यंत्रमागवाल्याचा खांदा हातात असतानाच फोनवर तो निरोप आला. वर्गणी भरायची वेळ झाली आहे. इंग्रजीत येतो तो, आणि भाषा फार गोड असते. 'तुमचं साहस चालू ठेवा,' असं म्हणतो. मी पैसे भरते आणि फोन पालथा ठेवते. साहस वगैरे आता काही चालू नाही.

उन्हाळा म्हटलं की लोकांना आंबे आठवतात. मला खळीचा वास आठवतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत अंबादासच्या घरचा टॉवेलचा कारखाना आहे. अंबादास, म्हणजे आमचा अंबू, माझ्या शाळेतला मित्र. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि चिडला की दोन्ही. सुटीच्या दिवशी माग बंद असायचे. आठवडाभराच्या खटखटीनंतर पडलेली ती शांतता मी दुसरीकडे कुठे ऐकली नाही, कान उगाच पुढच्या खटक्याची वाट बघत राहायचे. मागच्या गोदामात टॉवेलचे गठ्ठे छतापर्यंत, वरून पत्रा तापलेला, हवेत कापसाचं बारीक तूस, आणि सगळ्यावर खळीचा आंबूस, पेजेसारखा वास. तिथे दर सुटीला दुपारी आम्ही चौघं जमायचो आणि खेळायचो.

काय खेळायचो, हे आईला समजावता समजावता माझी उमेद गेली. पत्ते नाहीत, कॅरम नाही. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. नदी आली, पूल मोडलाय, काय करता? ज्याने त्याने आपलं सांगायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. आई म्हणाली, "म्हणजे लहानपणी भातुकली खेळत होतीस, तेच की." मी म्हटलं, हो, तेच. "मग त्याला एवढं जाडजूड इंग्रजी पुस्तक कशाला लागतं?"

गोष्ट सांगायचा अंबू. मोईन मोबाइल दुरुस्त करायचा, बाजारात त्याचं छोटं दुकान होतं, पण खेळात तो खोटी औषधं विकणारा हकीम व्हायचा आणि कुठल्याही राजाला पहिल्या भेटीत गंडवायचा. मी तलवारवाली सेनापती. दिवसभर दुसऱ्यांचे खांदे चोळणाऱ्या बाईने आठवड्यातून एकदा लोकांची मुंडकी उडवली तर कुणाचं काय जातं? आणि चौथा बसू. बसवराज, कर्नाटकाच्या सीमेवरच्या मैंदर्गीचा. शेजारच्या कारखान्यात मागांची दुरुस्ती करायचा. वयाने आमच्याहून लहान, मला ताई म्हणायचा. पहिल्या दिवशी अंबूने त्याला पुस्तकातली माणसांची यादी वाचून दाखवली. योद्धा, जादूगार, चोर, पुजारी. बसूने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्यात मेंढरं राखणारा कोणच न्हाय व्हय?"

"नाही बे," अंबू म्हणाला. "पण तू हो की. कोण विचारायला येतंय हितं?"

खरंच कुणी विचारायला येत नव्हतं, आणि तेच त्या दिवसांचं सुख होतं. डागी टॉवेलचा गठ्ठा म्हणजे डोंगर. त्याच्या दोन बाजूंना पाय सोडून बसलं की ती खिंड. नदी म्हणजे निळी किनार उलगडून टाकलेला पट्टा. नियम अडला की अंबू पुस्तकाची झेरॉक्स चाळायचा, सापडला नाही तर मोईन म्हणायचा, "कायकू ढूंढता बे, तू बोल्या वो रूल." मग अंबू बोलायचा, तोच नियम. भूक लागली की कडक भाकरी मोडून शेंगाचटणीबरोबर खायची, वर दही. गोटी सोड्याच्या बाटल्या आणायला कुणी जायचं, यावर पुन्हा फासा.

आणि मग एका उन्हाळ्यात अंबूच्या डोक्यात खरंखुरं शिरलं. "किती दिवस झेरॉक्सवर खेळायचं बे? जगातली लोकं कशी खेळतेत बघा जरा. एकदा तरी ओरिजनल." त्याच्या घराण्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या नावाचं लेबल लावून टॉवेल विणले. बाहेरचा व्यापारी लेबलांची पिशवी पाठवायचा, ह्यांनी ती शिवायची. त्यामुळे ओरिजनल या शब्दावर त्याचा जीव का होता ते मला कळत होतं. तरी आज वाटतं, तेव्हाच त्याला दोन शिव्या घालायला हव्या होत्या.

खेळ काढणाऱ्या अमेरिकेतल्या कंपनीचं स्वतःचं, अधिकृत असं एक साधन होतं. फोनवर चालायचं. तुमच्या माणसाची सगळी माहिती त्यात, अंगातली ताकद, जखमा, सामानसुमान, सगळं. आकडेमोड तेच करणार. चौघांतल्या एकाने दरमहा वर्गणी भरली की पुस्तकं सगळ्यांना उघडी. अंबूने आपल्या कार्डावरून भरली आणि आपला पासवर्ड आम्हा तिघांना देऊन टाकला. त्या दुपारी आम्ही किती हरखलो होतो! परदेशी चित्रांच्या, सोनेरी कडांच्या त्या पानावर देवनागरीत नावं उमटली. मोईनने फोन उंच धरून सगळ्या गोदामाला दाखवला. बसूने आपलं नाव बोटाने पुन्हा पुन्हा मोठं करून बघितलं. मीही बघितलं. आपण कुणीतरी आहोत, असं मला त्या क्षणी वाटलं, आणि आता त्याची चीड येते.

कारण त्यानंतर कुणी डोंगराकडे बघेना. चौघांच्या माना खाली. मी त्या मानांचंच खाते, मला ते आधी दिसायला हवं होतं. अंबू सांगायचा, "समोर खिंड आहे," आणि आम्ही समोर न बघता फोनमधली खिंड बघायचो. नियम अडला की "तू बोल्या वो रूल" म्हणायची सोय संपली, कारण नियम आता फोन सांगायचा आणि फोनशी कोण वाद घालणार?

आमच्या वस्तीत एप्रिलमध्ये जयंतीची वर्गणी निघते. पोरं दारोदार फिरतात, पावती फाडतात. कुणी जास्त देतं, कुणी अडचणीत असतं, ते पुढच्या साली बघू म्हणतं. मिरवणूक सगळ्यांच्याच दारावरून जाते. ज्याने काही दिलं नाही त्याची म्हातारी आईही उंबऱ्यात येऊन हात जोडते, आणि खीर तिलाही मिळते. वर्गणी या शब्दाचा अर्थ मी लहानपणापासून हा शिकले. यंदा दिली नाही म्हणून मागच्या सालची बघितलेली मिरवणूक कुणी डोळ्यांतून काढून नेत नाही. फोनवरच्या वर्गणीची अट नेमकी उलटी होती. ती अट बारीक अक्षरांत लिहिलेली असणारच. आम्ही वाचली नाही. वाचली असती तरी पटली नसती, कारण असं कुणी करत असेल हेच आमच्या डोक्यात बसलं नसतं.

त्याच उन्हाळ्यात बसूच्या वडिलांनी मेंढ्या विकल्या. दुष्काळ नव्हता, कर्ज नव्हतं. गुडघे गेले होते, एवढंच. कळपामागे चालायला माणूस लागतो, आणि घरातला एकुलता माणूस एमआयडीसीत मागांचे नट आवळत होता. बसू सुटी काढून मैंदर्गीला गेला. व्यापारी कळप टेम्पोत घालून घेऊन गेला, मेंढ्या कोंडायची जाळी, ती वाघर, गुंडाळून भिंतीला लावली गेली, आणि वडील, बसूचे अप्पा, खाटेवर पडून राहिले. जेवेनात, बोलेनात. दुसऱ्या दिवशी बसूला वाटलं, ह्यांना बोलतं करायला पाहिजे. त्याने फोन उघडला, खेळातल्या आपल्या मेंढपाळाचं सामान काढलं आणि म्हणाला, "अप्पा, एकेकीचं नाव सांगा. ह्यात घालतो."

हे त्याने आम्हाला गोदामात सांगितलं तेव्हा तो हसत होता. अप्पा आधी म्हणाले, कशाला. मग उठून बसले. करेव्वा, काळी म्हणून. बिळी, पांढरी म्हणून. सगळ्यांना ढुशी देत पुढे घुसणारी सासू. होटगीच्या रुळांपाशी थांबले असताना जन्मली ती होटगी. प्रत्येकीचं नाव झालं की अप्पा तिची खोडही सांगायचे आणि बसू तीही घालायचा. साधनात स्वतःची वस्तू तयार करून सामानात ठेवायची सोय होती, तलवारींसाठी वगैरे केलेली. बसूने तिथे मेंढ्या ठेवल्या, चोवीसच्या चोवीस. शेवटी अप्पांनी विचारलं, "ह्या ऱ्हातील कुटं?"

"अमेरिकेत, अप्पा. कंपूटरात. कायमच्या."

"तितं चारा हाय का?"

"लई हाय."

"मग बरं हाय," म्हणाले अप्पा, आणि त्या दिवशी जेवले.

आम्ही पोट धरून हसलो होतो. पुढच्या सगळ्या दुपारी अंबूच्या राज्यात तो कळप हिंडला. राजवाड्याच्या दरवाजात सासूने पहारेकऱ्याला ढुशी दिली. होटगी हरवली तेव्हा मोईनच्या हकीमाने खोटं औषध न विकता खरंच तिला शोधलं. आम्हा शहरातल्या तिघांनाही त्या मेंढ्या नावानिशी ओळखू यायला लागल्या, आणि बसू, जो कारखान्यात मान डोलावून काम भागवायचा, त्यांच्याबद्दल बोलताना थांबायचा नाही.

आता गल्ल्यावरच्या भांडणाबद्दल सांगायला हवं. आमच्याकडे चौघं हॉटेलात चहा प्यायले की पैसे कुणी द्यायचे यावरून झोंबाझोंबी ठरलेली. एकजण खिशात हात घालतो, दुसरा त्याचं मनगट धरतो, तिसरा म्हणतो, "दिले की मी मघाशीच." दिलेले नसतात. पण तसं म्हटलं की बाकीचे नाइलाजाने बाहेर पडतात, आणि तो मागे राहून गुपचूप देतो. ह्याला आमच्यात कुणी खोटं बोलणं म्हणत नाही. ह्याला माणुसकी म्हणतात. गल्ल्यावरचा माणूसही ह्यात सामील असतो, तो मुद्दाम दुसरीकडे बघतो.

उन्हाळा सरत आला तेव्हा अंबूच्या कार्डातून आपोआप जाणारी वर्गणी बँकेच्या कुठल्याशा अटीमुळे जाईना. दर वेळी कुणीतरी हाताने भरायची, असं झालं. लगेच गल्ला सुरू. मी भरते, मैं भरता, गप बस बे, मी आहे ना. त्यात बसू म्हणाला, "ह्या खेपेला मी. लई दिस तुमचंच खातोय." त्याच्या आवाजात असं काही होतं की आम्ही तिघांनी हात मागे घेतले. पुढे मोईनने एकदा विचारलं, "भर्या क्या रे?" बसू म्हणाला, "भरलंय की."

भरलेलं नव्हतं. त्याचं कार्ड गावातल्या बँकेचं. पेट्रोल पंपावर चालायचं, अमेरिकेत चालेना. त्याने पुन्हा पुन्हा करून बघितलं, प्रत्येक वेळी नकार. हे आम्हाला सांगायची त्याला लाज वाटली. चुलतभावाकडे दुसरं कार्ड होतं, तो मैंदर्गीला आला की त्याच्याकडून भरू, असं त्याच्या मनात होतं. म्हणजे चहाच्या गल्ल्यावर जे आम्ही सगळेच करतो तेच त्याने केलं. आधी दिलं म्हणून सांगितलं, मग मागे राहून द्यायला बघितलं. फक्त इथे गल्ल्यावर दुसरीकडे बघणारा माणूस नव्हता.

आणि नेमकी तेव्हाच कंपनी खेळाचे नियम बदलत होती. जुने नियम जाऊन नवे येणार होते. ज्यांची वर्गणी चालू होती त्यांना त्यांचं जुनं तसंच ठेवायची मुभा दिली होती. ज्यांची थकली होती त्यांचं सगळं आपोआप नव्यात गेलं.

सुटीच्या दिवशी आम्ही गोदामात बसलो तर पुस्तकं बंद. अंबूने बसूकडे बघितलं, बसूने खाली. अंबूचं मोठेपण मी आजही मानते. त्याने तिथल्या तिथे मोईनचं कार्ड वापरून वर्गणी भरली. सगळं पुन्हा उघडलं, नवीन, चकचकीत. माझी तलवार होती. हकीमाची पिशवी होती. बसू बराच वेळ बोट वरखाली करत राहिला. मग त्याने फोन माझ्यापुढे धरला. "ताई, हे बघा की जरा. मला दिसंनात."

मी बघितलं. नव्या नियमांच्या सामानात मेंढी ही वस्तू मुळातच होती, ठरलेल्या किमतीसकट. मग आमच्या मेंढ्या वेगळ्या कशाला ठेवायच्या? साधनाने हिशोब साफ केला होता. करेव्वा नाही, बिळी नाही, सासू नाही. एकच ओळ. मेंढी, संख्या चोवीस.

अंबूने कंपनीला सविस्तर लिहिलं. उत्तर आलं, आणि पुढच्या सुटीला त्याने ते आम्हाला वाचून दाखवलं. आमच्यासारखे सभासद त्यांना फार मोलाचे होते. त्यांनी खातं बारकाईने तपासलं होतं. मेंढ्यांची संख्या पूर्वीइतकीच होती, सबब कसलंही नुकसान झालेलं नव्हतं.

"गिनती बराबर है बोलता," मोईन म्हणाला. कुणी हसलं नाही. त्या उत्तराचा मला जितका राग आला तितका मला आयुष्यात फार कमी वेळा आला आहे. कुणी शिवी दिली असती तर परत देता आली असती. ते लोक नम्र होते, आणि त्यांच्या लेखी ते बरोबरही होते. मोजायला त्यांना येत होतं. दुसरं काही त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं.

"परत घालू बे," अंबू म्हणाला. "सांग तू, मी लिहितो." बसू डोळे मिटून सांगायला लागला. करेव्वा, बिळी, सासू, होटगी भराभर आल्या. आम्हीही मधेमधे आठवण केली, राजवाड्यातली कुठली, नदीत घसरलेली कुठली. मग नावं विरळ होत गेली. एक कान फाटलेली होती, सगळ्यात मागून येणारी. तिचं नाव बसूला येईना. तिच्यानंतरच्याही येईनात. पत्र्याखाली घाम गळत होता आणि तो नुसता ओठ हलवत बसला होता. शेवटी म्हणाला, "अप्पाला इचारतो. त्याला समदी पाठ हायत."

गोदामात आवाज नीट यायचा नाही म्हणून तो नेहमी स्पीकर लावून बोलायचा. तसाच लावला.

"हेळप्पा," पलीकडून अप्पा कन्नडमध्ये म्हणाले, बोल बाबा. मग बसूचा प्रश्न ऐकून मराठीत आले. "कान फाटलेली? कोन रं ती?"

"अप्पा, ती मागनं यायची बगा. लंगडायची थोडी."

"न्हाय याद येत." मग अप्पाच म्हणाले, "आरं, तुज्याकडं हाय की समदं. तवा एकेक करून सांगितलं न्हवं का मी? आदी पडल्या पडल्या डोस्क्यात त्यास्नीच हाकत हुतो. डोळा लागंना. मग तू म्हणलास, तितं ऱ्हातील, कायमच्या. म्हणलं, पोरानं ठिवल्यात नीट, आता मी कशाला धरून बसू. सोडून दिल्या. लई हलकं वाटलं बग." मग जरा काळजीने विचारलं, "हायत न्हवं तितं?"

बसूने आम्हा तिघांकडे बघितलं. अंबू गठ्ठ्याच्या किनारीचा दोरा ओढत होता. मोईनने तोंड फिरवलं.

"हायत, अप्पा," बसू म्हणाला. "समद्या हायत."

त्यानंतर आम्ही खेळलो नाही. कुणी बंद करू म्हणालं नाही, कुणी बोलावलंही नाही. अंबूला कामं वाढली आहेत, मोईनने दुकान मोठं केलं आहे, बसू भेटला की ताई बरं हाय का म्हणतो आणि मी अप्पा कसे आहेत म्हणते. बरं हाय, म्हणतो. दर महिन्याला मी त्या गोड बोलणाऱ्या कंपनीला पैसे भरते, त्या तिघांना न सांगता. पुन्हा वर्गणी थकली, पुन्हा नियम बदलले, तर ती एक ओळही जायची. आणि मैंदर्गीला खाटेवर एक म्हातारा निवांत झोपतो आहे, त्याला मुलाने सांगितलेल्या गोष्टीतला निदान आकडा तरी खरा राहू दे.